चिमट्यातला स्क्रू

भाच्याने त्या खेळाला दहापैकी एक गुण दिला, आणि ‘हा एकही शुद्धलेखनासाठी’ असं खाली लिहून मोकळा झाला. खेळ खेळला किती? अकरा मिनिटं. परीक्षण लिहायला मात्र पाऊण तास घेतला, कारण टोमणे नेमके बसायला हवेत.

आता हे खेळ मैदानावरचे नव्हेत. संगणकाच्या पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. ‘तुम्ही एका खोलीत उभे आहात. समोर दार आहे.’ आपण खाली टाइप करायचं, ‘दार उघड’. मग पुढचा मजकूर येतो, आणि गोष्ट आपल्या बोटांनी पुढे सरकते. आपल्या भाषेत असे खेळ लिहिणाऱ्या हौशी मंडळींची दरवर्षी स्पर्धा भरते. यंदा एक्केचाळीस खेळ आले होते. ज्याला हौस असेल त्याने खेळावं, गुण द्यावेत, परीक्षण लिहावं. भाचा एका पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांच्या कंपनीत तक्रारींना तयार उत्तरं चिकटवायचा. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, दिवसाला दीडशे वेळा. त्याचा वचपा तो परीक्षणांत काढायचा. लोक मिटक्या मारत वाचायचे, आणि त्याने नाक मुरडलं की निम्मेअधिक जण त्या खेळाकडे फिरकायचे नाहीत.

त्या रविवारी सकाळी आत्या बाहेरच्या खोलीत उशीच्या अभ्र्याला बटणं लावत बसली होती. भाच्याने तिला परीक्षण ठसक्यात वाचून दाखवलं. खेळ असा: घड्याळदुरुस्तीचं दुकान, आत एक म्हातारा, त्याच्याकडून आपलं घड्याळ परत मिळवायचं. भाच्याने ‘घड्याळ माग’, ‘ओरड’, ‘टेबलावर हात आपट’, ‘खुर्ची हलव’ अशा चाळीस आज्ञा ठोकल्या होत्या. दरवेळी उत्तर एकच: ‘म्हातारा मान वर करत नाही.’

“‘लेखकाने दुकानात म्हातारा बसवला, पण त्याला कान बसवायचे राहून गेले,’” भाच्याने शेवटचं वाक्य वाचलं आणि हशाची वाट बघत थांबला.

आत्याने दोरा दाताने तोडला. “तो करत काय होता?”

“कोण?”

“तुझा म्हातारा रे.”

“काही नाही. ढिम्म बसला होता.”

“दाखव बघू.”

आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खिडकी काही तिच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात कुणी मीठ मागितलं तर “सरळ जा, उजवीकडे, खालचा खण” असंच उत्तर यायचं, आणि घर होतं मोजून दोन खोल्यांचं. भाचा नोकरीसाठी या शहरात आला तो तिच्याकडेच राहिला. “महिनाभरात खोली बघतो” म्हणाला होता. त्याला तीन वर्षं झाली. आत्याने एकदाही खोलीचं काय झालं म्हणून विचारलं नाही.

तिने चष्मा लावला आणि पडद्यावरच्या ओळीखालून बोट फिरवत वाचलं. “‘म्हाताऱ्याच्या उजव्या डोळ्याला भिंग आहे. हातातल्या चिमट्यात केसाएवढा स्क्रू आहे.’ हे वाचलंस?”

“नजर टाकली होती.”

“नजर टाकली म्हणे! अरे शहाण्या, चिमट्यात स्क्रू धरलेला माणूस मान वर करेल का? स्क्रू फरशीवर पडला की दिवस गेला कामातून. मी खिडकीत एकाला पेशंटच्या खोलीचा नंबर लिहून देत असले की मागचा काचेवर टकटक करायचा. आकडा चुकला की तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटला लोक पाचव्यावर शोधत फिरायचे. शिव्या कुणाला? मला.”

“बरं, मग काय लिहू?”

“लिही, थांब.”

“आत्या, असं कुणी...”

“तू लिही रे राजा.”

भाच्याने टाइप केलं, ‘थांब’. ‘तुम्ही थांबता. म्हातारा स्क्रू अर्धा फिरवतो.’ पुन्हा थांब. ‘स्क्रू बसतो.’ पुन्हा थांब. ‘म्हातारा भिंग कपाळावर सरकवतो. “या, बसा. किती वेळ उभे आहात!”’

भाच्याचे कान तापले. आत्या म्हणाली, “ऊठ, मला बसू दे.”

ती रविवारी जेवणापर्यंत खेळली आणि सोमवारी संध्याकाळीही. एका बोटाने टाइप करायची, पण वाक्य पुरं: ‘आजोबा, डोळे दुखत असतील ना तुमचे?’ मध्येच खेळ म्हणायचा, ‘हे समजलं नाही.’ आत्या त्यालाही लिहायची, ‘बरं, राहू दे.’ दुकानामागे खोली होती, खोलीत न नेलेली घड्याळं होती, प्रत्येकाच्या मालकाची गोष्ट म्हातारा सांगत होता. भाचा मागे उभा राहून वाचत होता. त्याने इतकी परीक्षणं लिहिली होती, पण स्टूल ओढून दुसऱ्याचा खेळ बघत बसावं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

मग त्याला नियम आठवला. दहा जणांनी गुण दिल्याशिवाय खेळ निकालात धरतच नाहीत. या खेळाला गुण होते सहा जणांचे. आणि त्याच्या परीक्षणाखाली तिघांनी लिहिलं होतं, ‘आमचा वेळ वाचवलात, आभारी आहोत.’ मुदत उरली होती चार दिवस.

“गुण बदलतो आणि परीक्षण काढूनच टाकतो,” तो म्हणाला.

“काढू नकोस. आमच्या रजिस्टरात चूक खोडायची ती एका रेघेनं. खालचं वाचता आलं पाहिजे आणि बाजूला बरोबर लिहिलं पाहिजे. काळं फासलं तर ज्यांनी आधी चुकीचं वाचलं त्यांना कळणार कसं?”

“लोक हसतील मला.”

“हसू देत की. इतके दिवस तू त्यांना दुसऱ्यांवर हसवलंस.”

भाच्याने गुण बदलले, जुन्या परीक्षणावर एक रेघ मारली आणि खाली नवं लिहिलं. चाळीस आज्ञा, हात आपटणं, आत्या, अभ्रा, सगळं आलं त्यात. लोक हसलेच. पण हसता हसता काही जण दुकानात जाऊन थांबूनही आले. मंगळवारी गुण देणारे सात झाले, बुधवारी आठ, गुरुवारी सकाळी नऊ. तिथे गाडं अडलं.

“मी नाही का देऊ शकत गुण?” आत्याने विचारलं.

“त्याला निदान पाच खेळ खेळावे लागतात.”

“मग आण बाकीचे चार.”

शुक्रवारी संध्याकाळी पाचापर्यंत तिने चारही खेळ रीतसर खेळले. एकात तिला भुताने खाल्लं, तर तिने त्याला आठ गुण दिले. “वेळेवर आलं बिचारं,” म्हणाली. घड्याळाच्या दुकानाला मात्र सातच. भाचा चमकला.

“सात?”

“मागच्या खोलीत उजेड कमी आहे. म्हाताऱ्या माणसाला तिथे काम करायला लावतात का?”

दहा झाले. मुदत संपता संपता कुणा अनोळख्याचे गुण आले आणि अकरा झाले. एक्केचाळिसांत खेळ एकोणिसावा आला. भाच्याला इतका आनंद स्वतःच्या बढतीचाही झाला नसता. बढती झाली नव्हती, ही गोष्ट वेगळी. त्याने आत्याला नमस्कारच केला. आत्या म्हणाली, “पुरे. बटणांचा डबा दे.”

आठवड्याने पत्र आलं. खेळ लिहिणारी बाई औषधाच्या दुकानात काम करत होती आणि जेवणाच्या सुट्टीत दोन वर्षं हा खेळ लिहीत होती. ‘एकोणिसावी आले म्हणून दुकानात सगळ्यांना सांगितलं,’ असं तिने लिहिलं होतं. भाच्याने आत्याच्या खेळण्याची सगळी नोंद तिला पाठवली होती. ‘माझ्या म्हाताऱ्याशी इतकं नीट कुणी बोलेल असं लिहिताना मनातही आलं नव्हतं. आत्यांच्या ज्या प्रश्नांना खेळ “समजलं नाही” म्हणाला, त्यांची मी यादी केली. सत्तावीस होते. सव्विसांची उत्तरं लिहिली आहेत, पुन्हा खेळून बघायला सांगा. एक राहिलं. “आजोबा, तुमचं स्वतःचं घड्याळ कुठाय?” खरंच कुठे असेल? अजून सुचत नाही. तेवढं एक आत्यांचं देणं माझ्याकडे राहिलं.’

आत्याने पत्र दोनदा वाचून घेतलं.

“सव्विसांबद्दल मनापासून आभार कळव तिला,” ती म्हणाली. “आणि त्या एकाची घाई नाही म्हणावं. स्क्रू बसू दे आधी.”

भाचा दर रविवारी तो खेळ उघडून तो उरलेला प्रश्न टाइप करून बघतो. अजून ‘समजलं नाही’ असंच येतं. आत्या त्याखाली लिहायला लावते, ‘बरं, थांबतो.’