चौकटीबाहेरचं दूध

परंड्याकडच्या आमच्या दूध संकलन केंद्रात सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं, तेव्हा आमचं काम समजून घ्यायला पुण्याहून एक माणूस आला होता. डोळे तांबारलेले, पुढ्यातला चहा गार झालेला. आम्ही काहीही सांगितलं की तो एकच विचारायचा, "मग?" दूध येतं. मग? मोजतो. मग? आणि कागदावरच्या चौकटीत बाण काढत जायचा.

"नासलेलं निघालं तर?"

"परत देतो."

"मग?"

"मग ज्याचं त्यानं बघायचं."

त्यानं बाण चौकटीबाहेर नेला आणि डोळे चोळले. "बाहेर गेलं की आमच्यासाठी संपलं."

दुपारी कुर्डुवाडीची बस धरायला तो निघाला, तर पायरीवर एक म्हातारी परत मिळालेल्या दुधाची किटली मांडीशी धरून बसली होती. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "मग, मावशी?"

"मग काय बाबा, घरी न्हेऊनच वतायचं. वाटंत वतलं तर लोक बघत्यात."

तेवढ्यात बस आली आणि तो चढला.

सॉफ्टवेअर आता नीट चालतंय. परत गेलेल्या दुधासाठी त्यात एक बटण आहे. ते दाबलं की पडदा कोरा होतो आणि मी पुढच्या माणसाला हाक मारतो.