जहाजातली विहीर

आम्ही ज्या गेमचे कट्टर चाहते होतो, तो गेम आमच्यातल्या एकाशिवाय कोणीच खेळलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्याच गेमसाठी आम्ही अकोल्याच्या एका थेटरासमोर गळ्याच्या शिरा ताणून भांडलो, आणि त्या भांडणाचा मला अजून अभिमान आहे.

तेव्हा आम्ही अमरावतीत डिप्लोमाला होतो. खोल्या भाड्याच्या आणि जेवण मावशीच्या मेसमध्ये. मावशी धामणगाव रेल्वेकडच्या एका खेड्यातली. नवरा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचा आणि ही आम्हा सहा-सात पोरांना जेवू घालायची. हाताला चव होती आणि जिभेला धार. भाजीला नाव ठेवलं की ताट उचलून न्यायची. मी दोनदा उपाशी उठलो आहे, कारण मला नावं ठेवल्याशिवाय घास गिळवत नाही.

मेसचा एकच नियम होता. ताटावर बसून गावची गोष्ट काढायची नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाशी, माझ्या घरी वरुडकडे संत्रा, आणि त्या वर्षांत घरून फोन वाजला की कोणी तो लगेच उचलायचं नाही. कोणाच्या गावात कोणी फवारणीचं औषध घेतलं, कोणाच्या चुलत्याला विहिरीतून काढलं, असंच काहीतरी असायचं. आदल्या वर्षी एक पोरगा अशी बातमी ऐकून हातातला घास टाकून उठला होता, तो परत कॉलेजात आलाच नाही. तेव्हापासून मावशीनं नियम केला. मग जेवताना बोलायचं काय? ती उणीव आमच्या अकोल्यानं भरून काढली.

हा अकोल्या म्हणजे आमच्या वर्गातला अकोल्याचा पोरगा. दर रविवारी घरी जायचा. तिथं त्याच्या मामेभावाकडे कंप्युटर होता आणि कंप्युटरवर तो भुताचा गेम. बर्फात अडकलेलं एक भलंमोठं जहाज, त्यावरचे सगळे खलाशी मेलेले, मेलेले असूनही फिरणारे, आणि त्यांच्यात एकटी सापडलेली एक डॉक्टर पोरगी. तिला खालून वर, एकेक लोखंडी दार उघडत बाहेर पडायचं. अकोल्या रविवारी खेळायचा आणि सोमवारपासून आम्हाला पोळीबरोबर वाढायचा.

आणि सांगायचा काय! लोडशेडिंगमुळे पंखा बंद, अंगाला घामाच्या धारा, आणि आम्ही बर्फात कुडकुडत असायचो. त्यानं "मागं कोनाचातरी पाय वाजला" म्हटलं की आमच्यातला धामणगावचा पोरगा मागं वळून बघायचा. मावशी तव्यावरची पोळी विसरायची. करपलेली पोळी मग माझ्या ताटात यायची, कारण मी मध्ये शंका काढायचो.

आता शंका काढल्याशिवाय राहवणार कसं? आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता, पण अक्कल तर होती. एके दिवशी अकोल्या म्हणाला, तिसऱ्या दारामागे जहाजाच्या मधोमध विहीर आहे. मी घास ठेवला.

"जहाजात इहीर?"

"हाव."

"अबे बह्याडा, खाली समुद्र हाय ना."

"समुद्राचं पानी खारं रायते," तो शांतपणे म्हणाला. "एवढे लोकं जहाजावर. प्यायले पानी कोठून आनतीन?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. पान्याबिगर कसं राहीन मानूस? तू जेव गपचूप." आणि करपलेली पोळी आली. तेव्हापासून जहाजात विहीर होती. पुढं तिला दगडी बांधणी आली, रहाट आला, बाजूला कपडे धुवायचा दगडसुद्धा आला. माझं कोणी ऐकत नव्हतं.

असे तीन-एक महिने गेले आणि पेपरात जाहिरात आली. त्या गेमवर इंग्रजी पिक्चर निघाला होता, हिंदीतून अकोल्याला लागला होता. मेसमध्ये दिवाळी झाली. मी सगळ्यात खूश. हातच्या काकणाला आरसा कशाला, आता पडद्यावरच दिसेल विहीर आहे की नाही! अकोल्या मात्र गोरामोरा झाला. चोराच्या मनात चांदणं, हे मी तेव्हाच ओळखलं.

शनिवारी जेवणं उरकली, ताटं गोळा झाली, आणि त्यानं सांगितलं, "तं मंग त्या मेलेल्या खलाशाईनं तिले गाठलं. ते मागं मागं सरकली, अन् पडली इहिरीत." तो हात धुवायला उठला. "पुढचं उद्या पिक्चरमंदीच पाहा."

मावशी हातात ओला फडका घेऊन उभीच राहिली. "असं कसं? पोट्टीले इहिरीत ठेवून चालला तू?"

"उद्या निंगते ना मावशी."

"मंग मीबी येतो उद्या," मावशी म्हणाली.

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टीच असायची. सकाळी मावशी नवं लुगडं नेसून, पोळ्या, कोरडं बेसन आणि लसणाची चटणी असा मोठा कडीचा डबा घेऊन निघाली. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. मूर्तिजापूर गेलं तेव्हा धामणगावच्या पोराची नजर डब्यावर होती, पण मावशीनं तो मांडीवरून हलू दिला नाही. "पह्यले पिक्चर," म्हणाली.

पिक्चरबद्दल काय सांगू? सुरू होऊन जरा वेळ झाला आणि लाईट गेली. थेटरवाल्यानं जनरेटर लावला. मग जिथं जिथं पडद्यावर जीवघेणी शांतता होती, तिथं भिंतीपलीकडून थ्रेशर चालल्यासारखी धडधड. भूत हळूच दार उघडतंय आणि मागं कोणाच्या वावरात सोयाबीन निघून राहिली आहे असं वाटायचं. तरी आम्ही घाबरलो. मी तर दोनदा मावशीचा पदर धरला, तिनं दोनदा झटकला. पण तिसरं दार उघडलं आणि आत काय? एक इंजिनची खोली. पोरीनं धडाधड गोळ्या झाडल्या, जहाज उडालं, आणि ती दवाखान्याच्या खाटेवर जागी झाली. सगळं स्वप्न होतं म्हणे. लोकांनी शिट्ट्या मारून शिव्या घातल्या.

बाहेर पायऱ्यांवर दुसरी एक टोळी तावातावानं बोलत होती. अकोल्यातल्याच एका सायबर कॅफेवर हा गेम खेळणारी पोरं. त्यांचा म्होरक्या कॅफेवाल्याचाच मुलगा, अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी बोलणारा. "पूरा सत्यानाश कर दिया," तो म्हणत होता. "बंदूक गलत. जाळीच्या दाराचं कोडंच नाही दाखवलं. अन् पह्यल्या खोलीत वो रस्सी मिलती है, उसका क्या हुआ?"

आमची पोरं लगेच घुसली. गेमवाले भेटले की बोलावंच लागतं, ते काही ओळखीपाळखीवर अडत नाही. भुतांची चाल खरी होती की नाही, पोरगी गेममध्ये जास्त घाबरते की पिक्चरमध्ये, स्वप्नाचा शेवट लिहिणाऱ्याला कोणत्या झाडाला बांधावं, सगळं निघालं. आणि मग धामणगावचा पोरगा बोलून गेला, "ते सारं जाऊ द्या. इहीरच कापली ना यांनी!"

"कौनसी इहीर?" म्होरक्यानं विचारलं.

मी अकोल्याकडे पाहिलं. तो रस्त्यापलीकडच्या रसवंतीची पाटी वाचत होता, जणू परीक्षेला तीच येणार होती. तीन महिने मी या क्षणाची वाट पाहिली होती, करपलेल्या पोळ्या खात. एक शब्द बोललो असतो तर पोराची शोभा झाली असती. पण मावशी मांडीवरचा डबा आता कडेवर घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा काही ठीक नव्हता. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तिसऱ्या दारामागची इहीर! दगडी हाय, रहाट हाय. तुमी खेळले का नाही गेम?" आणि ओरडून ओरडून मी ती विहीर सिद्ध केली. समुद्राचं पाणी खारं असतं इथपासून.

म्होरक्या मात्र भांडायच्या ऐवजी पुढं आला. "भाई, तुमचं तिसरं दार खुललं? हमारी डिस्क वहीं अटकते. अख्ख्या अकोल्यात साऱ्याईची तिथीच अटकते. एकाच दुकानातून कॉपी मारेल हाय ना. पुढं काय हाय ते पाहाले तर आलो होतो आमी."

मग सगळ्यांनी अकोल्याला घेरलं. तिसऱ्या दारापलीकडे गेलेला अख्ख्या वऱ्हाडातला एकमेव माणूस! त्याला रस पाजला गेला. त्याला मध्ये घालून सगळी वरात स्टेशनाकडे निघाली. वाटेत त्यानं मला कोपरानं मागं ओढलं.

"अबे, मायीबी तिथीच अटकते," तो पुटपुटला. "मले पुढचं काहीच नाही माहीत. इहीर मी अशीच सांगतली. मले वाटलं पिक्चरमंदी निंगन काहीतरी."

रागानं माझा हात उठला होता. पण मारून काय झालं असतं? "पाडली कोनं तिले?" मी म्हणालो. "तूनं ना? मंग तूच काढ."

प्लॅटफॉर्मवर बाकड्याभोवती सगळे बसले. पॅसेंजर उशिरा होती. धामणगावच्या पोरानं शेवटी हिंमत केली, "मावशी, डबा?"

मावशीनं डब्यावर हात ठेवला. "पोट्टी इहिरीत हाय, अन् तुमी जेवता? आमच्या गावात मानूस इहिरीतून वर निंगेपावतर कोनाच्या घरची चूल पेटत नाही."

कोणी हसलं नाही. आम्ही सगळे खेड्यातलेच होतो, आमच्या गावांतही हेच होतं. आणि त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावांतल्या चुली किती वेळा थांबल्या होत्या हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. ताटावर गावची गोष्ट काढायची नाही म्हणता म्हणता मावशीनंच ती काढली होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी अकोल्यावर खेकसलो, "सांग ना बे!"

अकोल्यानं सुरू केलं. पोरगी पाण्यात आहे, दगडाला धरून आहे. वर चढता येत नाही, शेवाळ आहे.

"रस्सी!" म्होरक्या ओरडला. "पह्यल्या खोलीतली! आमी एवढे दिवस सोचून राहिलो, वो रस्सी किसलिये है?"

"हाव," अकोल्याच्या जिवात जीव आला. "ते रस्सीच. तिच्या कमरेलेच होती. तिनं फेकली वर, रहाटाले अटकली."

"पन वरून ओढीन कोन?" शंका माझीच. सवय जाते का? "वर तं सारे मेलेले हायेत."

रुळांवरून एक कुत्रं पलीकडे गेलं, त्याच्याकडे सगळे बघत राहिले.

"असू दे मेलेले," मावशी म्हणाली. "त्याहीले सांग, ओढा म्हना. इहिरीत कोनी पडलं तं वैर पाहतेत का कोनी? आमच्या भावकीत बांधावरून बोलनं बंद होतं, तरी त्या दिवशी दोर सगळ्याईनं धरला होता."

"अन् तसंबी," मी घाईनं म्हणालो, "इहिरीत मानूस राह्यलं तं पानी नासते. भुताईले का तहान नाही लागत?"

मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा माझी शंका मान्य केली. अकोल्या उभा राहिला आणि त्यानं ते खलाशी एकेक करून विहिरीवर आणले. गोठलेले, फाटक्या कपड्यांचे, तीन महिने आम्हाला घाबरवून सोडणारे. त्यांनी दोर धरला. म्होरक्या आणि त्याची पोरंही कधी उठली आणि दोर ओढल्यासारखे हात करायला लागली, कळलं नाही. हमालांनी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवल्या. रहाट कुरकुरला, तो आवाज धामणगावच्या पोरानं तोंडानं काढला. पोरीचा हात काठावर आला.

"निंगाली," अकोल्या म्हणाला आणि मटकन बसला.

मावशी पुढं वाकली. "जित्ती हाय?"

अकोल्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"जित्ती हाय मावशी. वल्ली झाली निस्ती."

त्या वर्षांत विहिरीतून काढलेलं माणूस जिवंत निघाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मावशीनं पदरानं डोळे पुसले, डब्याची कडी काढली आणि आधी कॅफेवाल्या पोरांना वाढलं, पाहुणे म्हणून. मला सगळ्यात शेवटी मिळालं. पोळी करपलेली नव्हती. बेसनात मीठ जरा जास्त होतं, पण मी काही बोललो नाही.