मीरासाहेबाचा बिनरंगी हूक

मीरासाहेब मिस्तरी आणि मी केंदूरच्या शाळेत एकाच तरटावर बसलो, चौथीपर्यंत. गुरुजी खडू फेकून मारायचे. बाकीची पोरं डोकं चोळायची, मीरासाहेब आधी खडू उचलून खिशात घालायचा. गुरुजी ओरडायचे, "खडू आण इकडं!" हा म्हणायचा, "गुरुजी, मला लागलाय, आता माझा झाला." मग दुसरा खडू यायचा. तोही खिशात. शाळेनं त्याला एवढीच एक सवय लावली, पण ती मरेपर्यंत टिकली. कशी, तेच सांगायला बसलोय.

चौथीनंतर तो दौंडला मामाच्या लोहारकामाच्या दुकानात गेला. मी ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि कसाबसा एका जुन्या सहाचाकी ट्रकचा मालक. दौंडचं ते दुकान रेल्वेच्या यार्डाला लागून होतं. डब्याला डबा जोडल्याचा दणका दिवसभर कानावर. रेल्वेतला एक म्हातारा फिटर तिथं चहाला यायचा, त्यानं मीरासाहेबाला एक विद्या दिली. वेल्डिंगवर रॉकेल लावायचं, थोडं थांबायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं आणि वरून खडू फासायचा. सांध्यात तडा असला, तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ होऊन वर येतं. डोळ्याला न दिसणारा तडा खडू दाखवतो. झालं! खिशातल्या खडूला काम मिळालं.

पुढं त्यानं शिरूरला, मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचं दुकान टाकलं. ऊसवाल्यांच्या ट्रेलरचे हूक, नांगराचे फाळ, टमटमचे पाटे, सगळं करायचा. सुरुवातीला घाईघाईत केलेला त्याचा एक हूक रस्त्यात तुटला होता. उसाचा ट्रेलर चारीत गेला. माणूस वाचला, पण ट्रेलरवर बसलेल्या त्या माणसाचा चेहरा मीरासाहेब विसरला नाही. तेव्हापासून त्याचा कायदा असा की खडू लागल्याशिवाय रंग नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

आता २००३ चा उन्हाळा. केंदुरात विहिरींचे तळ दिसत होते आणि मी माझ्या करुणाचं लग्न धरून बसलो होतो. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, पण पत्रिकेत 'दुपारी साडेबारा' छापलं होतं, आणि छापलेल्या अक्षरावर माझ्या बायकोचा, धुरपदाचा, फार विश्वास. पाचशे माणूस जेवायला येणार. पाणी कुठनं आणायचं? गावातले सगळे टँकर सरकारी कामाला लागलेले.

धुरपदाचं माहेर मांडवगण फराटा. तिचा भाऊ हौसराव, म्हणजे करुणाचा मामा, सुपारीच्या दिवशीच उठून म्हणाला, "साडी तर कोन बी नेसवंल. माझ्या भाचीला मी पानी नेसवनार. टँकर भरून देतो!"

टाळ्या पडल्या. मांडवगणला नदीकाठी त्याच्या विहिरीला पाणी होतं, पाच हजार लिटरचा टँकरही होता. नव्हता फक्त ट्रॅक्टर. त्याचं इंजिन गॅरेजमध्ये खोलून पडलेलं, आणि हे त्यानं टाळ्या थांबल्यावर सांगितलं. सगळे माझ्या ट्रककडं बघायला लागले. रविवारी लग्न. शनिवारी सकाळी मी शिरूरला मीरासाहेबाच्या दारात.

"बंपरला एक कडी चिकटव," मी म्हणालो. "टँकर ओढायचाय."

तो ट्रकखाली शिरला आणि तिथनंच बोलला, "बबन्या, बंपर हा गाडीचा दागिना हाय. गळ्यातल्या माळंला धरून कुनी बैल वढतं का?"

मग त्यानं त्याच्या पद्धतीनं काम काढलं. चॅसीच्या दोन्ही दांड्यांच्या मधोमध जाड चॅनल आडवा बसवला, तो नटबोल्टनं. चॅसीला वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लावू दिला नाही. तापवली की तिची ताकद जाते, म्हणायचा. चॅनलच्या मधोमध दोन जाड पाट्या वेल्ड केल्या, एकीखाली एक. टँकरच्या दांडीचं कडं मध्ये घालायचं आणि वरून पिन. पिन उडून येऊ नये म्हणून खाली अडकवायची कडी. शिवाय दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना ओलांडून.

"साखळ्या कशाला?"

"हूक तुटला तर दांडी रस्त्यात रुतू ने म्हनून. मी हूक करतो ना, म्हनून मलाच म्हाईत हाय की हूक तुटतो."

वेल्डिंग झालं, जोहरची वेळ झाली. "निवू दे हळूहळू. पानी वतू नको. हात लावू नको. आलोच," म्हणून तो नमाजला गेला.

आता चूक माझी. शेजारीच ट्रकच्या मागं नावं रंगवणारा पेंटर बसायचा. लग्नाची गाडी, आणि मागं नागडं लोखंड? मी त्याला म्हणालो, जरा लाल मार की. त्यानं लाल मारला, वर पिवळ्यात 'करुणा' काढलं, दोन बाजूंना दोन कमळं काढली. इतकं देखणं झालं होतं की आजही डोळ्यापुढं आहे.

मीरासाहेब आला. छिन्नी आणि तारेचा ब्रश घेतला आणि माझ्या लेकीचं नाव खरवडायला बसला.

"अरं, लग्नाचं हाय त्ये!"

"लगीन हाय म्हनूनच."

त्याची बायको सरदारबी चहा घेऊन आली होती, ती मलाच म्हणाली, "भाऊजी, त्यांच्या कामावर रंग लावायला मी पन जात न्हाई."

लोखंड उघडं झालं. रॉकेल लावलं, थांबला, पुसलं, खिशातला खडू काढून फासला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. वरच्या पाटीच्या बुडाशी केसासारखी एक काळी रेघ हळूहळू वर आली. बोटभर लांब. बरोबर 'रु'च्या खाली.

मी लाल रंगाचा डबा पायानं लांब सारला. तो मात्र खूश! "बघ, बोलला खडू!" म्हणाला. पूर्ण सांधा कापला, पुन्हा भरला, राखेत झाकून ठेवला. दिवस मावळला तेव्हा दुसऱ्यांदा खडू लागला, आणि पांढराच राहिला. "उद्या मी येतो बरोबर," म्हणून तो ट्रकमध्ये चढून बसला.

रात्रीच मांडवगणला पोचलो, तिथं दुसरीच भानगड. हौसरावानं ठरवलेलं की पाहुणे माझ्याच ट्रकात बसून येणार. सकाळी माझी सासू गिताबाई नवं लुगडं नेसून फाळक्यापाशी उभी, मागं पन्नास माणसं. मीरासाहेबानं हात आडवा केला.

"मामी, मानसं येगळी, पानी येगळं. तुमी एष्टीनं जावा."

"मंग टरक काय रिकामा जानार व्हय?"

"रिकामा न्हाई. पुढचं हलकं आसलं की मागचं ढकलतं. ट्रकात दगड भरनार हाय."

"ऐका! माझ्या जागंवर धोंडं बसनार! चांगला जावय केला गं बाई, आन् त्याचा मिस्तरी त्याच्याहून चांगला!"

ती रागारागात एष्टीला गेली. आम्ही ट्रकात दगड भरले, टँकर अगदी काठोकाठ भरला. अर्धा भरला की पाणी आत उड्या मारतं आणि गाडीला हिसके देतं, हे मला तेव्हा कळलं. तीस वर्षं ट्रक चालवून!

वीस-पंचवीसच्या वर त्यानं मला काटा जाऊ दिला नाही. सायकलवाले मागं टाकून जात होते. एक तर वळून म्हणाला, "आबा, ढकलू का?" घड्याळात साडेबारा वाजत आले आणि केंदूरच्या अलीकडचा उतार लागला. खाली वळणावर मेंढरांचा कळप आडवा. मी ब्रेक दाबला. मागनं टँकरनं असा दणका दिला की माझं डोकं काचेला लागता लागता राहिलं. ट्रक दोन हात सरकला आणि थांबला. पहिल्या मेंढरापासून वावभर अंतर राहिलं असेल. धनगर शिव्या द्यायचंही विसरला.

मीरासाहेब उतरला. मला वाटलं बघून येईल. पण तो रॉकेलची बाटली घेऊन खाली आडवा झाला.

"अरं, साडेबारा! लगीन!"

"बापाबिगर लावत न्हाईत. गप उभा ऱ्हा."

रॉकेल लावलं, थांबला, पुसलं, खडू फासला. लेकीचं लग्न दोन मैलांवर, आणि मी रस्त्यात मांडी घालून एका लोखंडाकडं बघत बसलो होतो. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. खडू पांढराच राहिला. तेव्हा तो म्हणाला, "चल आता. हळू."

एकला पाच कमी असताना मांडवापुढं थांबलो. गिताबाई पुढंच उभी. "एष्टी दहालाच आली बरं का, मिस्तरी!" पण मी उतारावरचा दणका आणि रस्त्यातली मेंढरं सांगितली, तेव्हा ती टँकरकडं वळली. टँकरची तोटी सोडली, पहिला तांब्या तिनं स्वतः भरला आणि मीरासाहेबाच्या हातात दिला. मग पंचशील झालं, हार पडले. पाचशे माणसं पोटभर पाणी प्याली. हौसराव प्रत्येक पंगतीत फिरून सांगत होता, "पानी मामाचं हाय!" मीरासाहेब कोपऱ्यात जेवत होता, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्यालाही नको होतं.

तो जाऊन आता सात वर्षं झाली. त्याच्याआधीच ट्रक विकला. घेणारा म्हणाला, हूक राहू दे. मी सहाही बोल्ट खोलले आणि हूक घरी आणला. वेल्ड केला असता तर गेला असता ट्रकबरोबर. आता ओट्यावर असतो. करुणा माहेरी आली की म्हणते, आबा, गंजेल, रंग तरी द्या. मी तेलाचं फडकं फिरवतो. रंग नाही देत. वरच्या पाटीच्या बुडाशी त्या उतारावरचा खडू अजून जरासा आहे, तेल लावताना तेवढी जागा मी सोडतो.