सिंहिणीचा सव्वा महिना

माझा स्वभाव मुळातच संशयी. लोक ताक फुंकून पितात, मी फ्रिजमधलं पाणीसुद्धा फुंकून पिते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही आखातात, अल कुसैसला राहायचो. हे एसीचे इंजिनिअर. वाळवंटातल्या एका बड्या अरबाच्या खासगी अभयारण्याचं काम यांच्याकडे आलं आणि दर शुक्रवारी छोटीला मांडीवर घेऊन मीही जीपमधून सिंह बघायला जाऊ लागले.

मांस टाकलं की आधी सिंह जेवायचा, मग सिंहिणी एकमेकींवर गुरगुरत तुटून पडायच्या. पोट भरलं की त्याच एकमेकींना चाटत बसायच्या. एक मात्र एकटीच यायची, भराभर खायची आणि दर वेळी वेगळ्या वाटेने झुडपांत शिरायची.

"झुंड ने निकाल दिया इसको," तिथला मॅनेजर म्हणाला. "अगले हफ्ते गाडी आएगी, दूसरे फार्म भेज देंगे."

मला पटेना. दुर्बीण लावली. पोट ओघळलेलं, थानांभोवतीची लव ओली. बाळंतीण होती ती. छोटीच्या वेळी मीही सव्वा महिना दार लावून बसले होते. शेजारणींनाही बाळ दाखवलं नव्हतं.

मॅनेजरला सांगायची भीती वाटली. त्याच्या केबिनमध्ये कुणाकुणाच्या सोफ्यांवर बसवलेल्या छाव्यांचे फोटो होते. "गिफ्ट दिया," असं तो हसत म्हणाला होता. सांगितलं तर पिल्लं जाणार, न सांगितलं तर त्यांची आई.

परतताना मी विचारलं, "अहो, त्या गाडीचा एसी तुम्हीच चेक करणार ना?" आणि सगळं सांगितलं.

"तुला जिथे तिथे काळंबेरंच दिसतं," हे म्हणाले.

पण गाडी आली तेव्हा यांनी मॅनेजरला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "कंप्रेसर खलास. पार्ट आने तक जानवर मत भेजो, गर्मी में मर जाएगा."

पार्ट काही लवकर आला नाही. आम्ही तो येऊच दिला नाही.

मग एका शुक्रवारी ती झुडपांतून बाहेर आली. मागे तीन पिल्लं. कळपाने त्यांना हुंगलं, एकीने तर चाटायलाही घेतलं. माझे डोळे भरून आले. मॅनेजर कॅमेरा घेऊन जीपमधून उतरला, तशा सगळ्या सिंहिणी एकदम उठून उभ्या राहिल्या. तो मुकाट्याने आत येऊन बसला.

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नजर तीच, जराही फरक नाही. मला मुळीच वाईट वाटलं नाही. तिच्या जागी मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.