दोन एकरांची तडजोड आणि एक पोस्ट

"मॅडम, भाऊ फोन उचलंना गेलाय. वहिनीनं उचलला आन् म्हणली, आता कोर्टातच भेटा. काय झालंय हो?"

लताबाईंचा हा फोन आला तेव्हा मी सेलू कोर्टाच्या बाररूममध्ये डबा उघडून बसले होते. लताबाई माझ्या पक्षकार. माहेर वालूरचं, सासर पाथरीचं. सख्ख्या भावावर, भगवानरावांवर, त्यांनी वाटणीचा दावा लावला होता आणि शनिवारच्या लोकअदालतीत तो तडजोडीनं मिटायचा होता. सगळं ठरलं होतं, फक्त सह्या बाकी होत्या. "मी बघते, तुम्ही घाबरू नका," असं म्हणून मी फोन ठेवला. डबा तसाच राहिला.

दावा तसा साधा. आईवडील गेल्यावर भगवानरावांनी सातबाऱ्यावर स्वतःचं एकट्याचं नाव लावून घेतलं आणि बहिणीला म्हणाले, हक्कसोड करून दे. हक्कसोड म्हणजे 'मला वडिलांच्या जमिनीत वाटा नको' असं बहिणीनं रजिस्ट्री ऑफिसात जाऊन लिहून द्यायचं. आमच्याकडे बहुतेक बहिणी निमूटपणे देतात, माहेर तुटू नये म्हणून. लताबाईंना राग जमिनीचा आला नव्हता. एका शब्दानं न विचारता भावानं कागद टाईप करूनच आणला, याचा आला होता. त्या तडक माझ्याकडे आल्या. दावा दाखल झाला आणि मग जे होतं तेच झालं, तारखा पडत राहिल्या.

पुढं त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लताबाई माझ्या ऑफिसात आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, जमीन मिळो न मिळो. पोरीच्या मागं मामा उभा राह्यला पायजे. तेवढं बघा."

मामानं भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत. सख्खा मामा धडधाकट असून आला नाही, तर मांडवातली एकेक बाई कारण विचारते आणि ते आईला सांगावं लागतं.

भगवानरावांचे वकील मिलिंद. माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान, कष्टाळू, मनानं चांगले, उत्साह जरा जास्त. आम्ही दोघांनी आपापल्या पक्षकारांची समजूत घातली, आणि खरं सांगायचं तर मार्ग भगवानरावांनीच काढला. आठ एकरांतली दोन एकर बहिणीला देतो, पण चोळीबांगडी म्हणून. पूर्वी लेकीला माहेरची माणसं आपणहून जमिनीचा तुकडा लावून द्यायची, त्यातून तिची साडीचोळी निघावी म्हणून. कोर्टात भांडून घेतलेला वाटा वेगळा आणि भावानं मानानं दिलेली चोळीबांगडी वेगळी. जमीन तीच, पण देणाऱ्याची मान ताठ राहते.

त्यांची अट एकच होती. दावा आहे हे गावाला ठाऊक होतं, पण तो कसा मिटला हे आधी कुणाला कळू द्यायचं नाही. भाचीच्या लग्नात, भर मांडवात, ते स्वतः उठून सांगणार होते. लताबाईंनी हे ऐकलं आणि माझ्यासमोर रडल्या. लगेच तडजोड पुरसिस तयार केली. पुरसिस म्हणजे ठरलेल्या अटी लिहून दोन्ही बाजूंनी कोर्टात द्यायचा कागद. शनिवारी त्यावर सह्या झाल्या की काम संपलं.

आता फोन ठेवल्यावर मी मोबाईल बघितला. मला कुणीतरी एका पोस्टमध्ये टॅग केलं होतं.

इथं जरा थांबून सांगते. कंपनीवाले, डॉक्टर, वकील, सगळे आपापल्या धंद्याच्या ओळखी वाढवायला ज्या साइटवर जातात, तिथं मीही बऱ्याच वर्षांपासून आहे. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. दारावरची पाटीसुद्धा बेताची लागते. 'मी अमुक केस जिंकले, या माझ्याकडे' असं म्हणता येत नाही. पण कायदा समजावून सांगायला कुणाची ना नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मुलीचा हक्क जात नाही, मृत्युपत्राला साक्षीदार कसे असावेत, असलं मी सोप्या मराठीत लिहिते. ते वाचून पुण्या-मुंबईचे वकील फोन करतात, कारण त्यांना परभणी जिल्ह्यात भरवशाचं माणूस लागतं. माझी निम्मी नवी कामं अशी येतात. हे बघून मिलिंद म्हणाले, मॅडम, मलाही शिकवा. त्यांचं अकाउंट मीच उघडून दिलं, फोटोसुद्धा मीच निवडला. जाहिरात करायची नाही हेही बजावून सांगितलं होतं.

त्यांची पोस्ट अशी होती. 'वालूर परिसरातील एका शेतकरी कुटुंबात अनेक वर्षं अडून बसलेल्या भावाचं मतपरिवर्तन करून, कोर्टात आलेल्या बहिणीला तिचा न्याय्य वाटा मिळवून देण्याचं समाधान लाभलं. शनिवारी लोकअदालतीत शिक्कामोर्तब. सहकार्याबद्दल मॅडमचे आभार.' खाली टाळ्यांचे हात आणि अभिनंदनांची रांग.

मी फोन लावला.

"मिलिंदराव, पोस्ट काढा. आत्ता."

"का हो मॅडम? लय चांगला रिस्पॉन्स यायलाय."

"अडून बसलेला भाऊ कोण?"

"नाव कुठं टाकलंय मी?"

"वालूरमध्ये बहिणीनं भावावर केलेले असे किती दावे चालू आहेत? आणि तो भाऊ तुमचा पक्षकार आहे हो. माझा नाही. स्वतःच्या पक्षकाराला अडेल म्हणून जाहीर केलंत तुम्ही."

मिलिंद म्हणाले, "मी त्यांचं कौतुकच करायलो होतो मॅडम. त्यांनी मन मोठं केलं, असं म्हणायचं होतं मला."

पोस्ट त्यांनी लगेच काढली, पण उपयोग शून्य. वालूरचाच एक इंजिनियर पुण्यात नोकरीला आहे. त्यानं ती आदल्या रात्रीच वाचली, फोटो काढला आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, आपल्या गावाचं नाव दिसलं म्हणून टाकला. सकाळपासूनच भगवानरावांना चहाच्या हॉटेलात लोक विचारायला लागले होते, बहिणीपुढं वाकलास म्हणं?

लताबाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना आधी कळेचना, कुठली साइट आणि कसलं काय. मग म्हणाल्या, "मग तुमीच बोला की त्याला. तुमचं ऐकंल तो. सांगा, तुझ्या बहिणीचा ह्यात हात न्हाई म्हणून."

मला ते करता येत नव्हतं. समोरच्या पक्षकाराला वकील असताना त्याच्याशी परस्पर बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि तो योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही पक्षकाराला फोडेल. एरवी हा नियम मला कधी टोचला नव्हता. त्या दिवशी गाडी काढून वालूरला जावं आणि त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावं, असं फार वाटलं. मी गेले नाही. मिलिंदना पाठवलं.

मिलिंद परत आले ते चेहरा पाडून. भगवानराव ओरडले नाहीत म्हणे. एवढंच म्हणाले, "साहेब, मी कवा अडून बसलो होतो? लढा, आपली बाजू भक्कम हाय, असं तुमीच म्हणला होता ना मला? आन् मन वळवलं म्हून नाव तुमचं?" मग चहा पाजला आणि वकीलपत्र परत मागितलं.

भगवानराव खोटं बोलत नव्हते.

शनिवारी आम्ही लोकअदालतीत बसून राहिलो. लताबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. भगवानराव आले नाहीत, त्यांचे नवे वकील आले आणि तडजोड मान्य नाही असं सांगून गेले. लताबाई मला म्हणाल्या, "कोर्ट सुटंस्तोर बसू मॅडम. त्याची मोटारसायकल खराब झाली आसंल." आम्ही कोर्ट सुटेपर्यंत बसलो.

लग्नाला मी गेले. भटजींनी "मुलीचे मामा पुढं या" असं पुकारलं, तेव्हा लताबाईंच्या सासरकडच्या एका चुलत नातेवाइकाला पुढं केलं. भला माणूस, पण त्याला कुठं उभं राहायचं तेही सांगावं लागत होतं. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, सख्खा मामा नाही का हो? मी म्हणाले, माहीत नाही. वकिली सुरू केल्यापासून एवढं वाईट मला कोर्टात हरल्यावरही वाटलं नव्हतं.

दावा मात्र आम्ही जिंकलो. कायदा लताबाईंच्या बाजूनं होताच. निकालाच्या दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं, दोन नाही, चार एकर तुमची, निम्मी जमीन.

"दोन एकरात भागलं असतं मॅडम," त्या म्हणाल्या. "भाऊ तरी राह्यला असता."

बारमधल्या दोघातिघांनी सुचवलं, मुलीच्या हक्काचा चांगला निकाल आहे, साइटवर टाका. मी टाकला नाही. मिलिंद आता त्या साइटवर नाहीत. मी आहे, लिहितेही. फक्त लिहून झालं की, हे ज्याच्याबद्दल आहे त्याच्या गावातल्या हॉटेलात कुणी मोठ्यानं वाचून दाखवतंय असं समजून पुन्हा वाचते. बऱ्याचदा खोडून टाकते.