दहा मोजेपर्यंत

मोरीच्या उंबऱ्याला अडखळून वच्छलाबाईंनी हात टेकला, तेवढ्यानंच मनगट मोडलं. चितेगावच्या कंपनीत सव्वीस वर्षं उभ्यानं पॅकिंग केलेल्या बाई त्या. आपण लोखंडाच्या आहोत असं त्यांना वाटायचं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हाडं आतून विरळ झालीत. आज मनगट मोडलं, उद्या खुबा मोडेल."

गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तिसऱ्या गोळीनंतर छातीत अशी आग पडली की दोन दिवस पाणीही गिळवेना. वच्छलाबाई पाकीट घेऊन परत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळीऐवजी सुई सुचवली.

"गोळी नको मला. सुईबी नको. खाण्यापिण्यानं, चालण्यानं काय व्हतं ते करते."

"नुसत्या खाण्यानं झिजलेलं हाड परत भरत नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण मग जरा विचार करून त्यांनी खाण्याचा आणि व्यायामाचा एक छापील कागद पुढे सरकवला. "एक वर्ष देते. वर्षानं पुन्हा तपासू. हाडांचा आकडा घसरला असेल तर सुई घ्यायची. तेव्हा वाद नको."

"नाय घालत."

छावणीतल्या दोन खोल्यांत वच्छलाबाई एकट्याच राहायच्या. नवरा, सर्जेराव, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी विशाखा नागपूरला नोकरीला. रविवारी तिचा फोन यायचा.

सकाळी दही, दुपारी ताक, ज्वारीच्या भाकरीवर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. एकटीसाठी मूठभर पाला निवडताना हात थांबायचे. कढई मोठी वाटायची. मग ती सर्जेरावांच्या वेळची कढई त्यांनी वर ठेवून दिली आणि बाजारातून लहान आणली. नऊच्या उन्हात विहारापर्यंत जायचं आणि यायचं. चार दिवस कुणाशी बोलणं झालं नाही, तर विहारातल्या नळावर पाणी पिताना त्या उगीच म्हणायच्या, "गार हाय बरं आज."

व्यायामात एका पायावर उभं राहून दहा मोजायचे होते. कागदावर लिहिलं होतं, 'जवळ कुणीतरी उभं असावं.'

हे वाक्य वच्छलाबाईंनी तीनदा वाचलं. रविवारी विशाखाला सांगितलं, तर ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल लाव ना आई, मी बघते."

"बघून काय करती? पडले तर धरशील का?"

आपण हे बोलायला नको होतं, असं वच्छलाबाईंना लगेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या समोरच्या खोलीतल्या द्वारकाबाईंकडे गेल्या. द्वारकाबाई पंचाहत्तरीच्या, पाठीतून वाकलेल्या. "मी काय धरणार गं तुला?" त्या हसल्या. "दोघीबी पडू."

"नुसत्या उभ्या राहा."

मग रोज दहाला द्वारकाबाई यायच्या. दोन्ही हात पुढे करून, समोर पोर चालायला शिकतंय अशा उभ्या राहायच्या. मोजायच्याही त्याच. सातावर आल्या की त्यांना सुनेची काहीतरी गोष्ट आठवायची आणि मोजणं तिथंच राहायचं. वच्छलाबाई पाय वर धरून ऐकत राहायच्या. त्या दिवसांत त्या दोन कप चहा टाकायच्या.

पाचव्या महिन्यात द्वारकाबाईंचा मुलगा बद्रीनाथ जीप घेऊन आला आणि आईला फुलंब्रीला घेऊन गेला. "थोड्या दिसांसाठी जाते," द्वारकाबाई म्हणाल्या. खोलीला कुलूप लागलं. वच्छलाबाई ओट्याला एक बोट टेकवून स्वतःच मोजू लागल्या. आता दहा फार लवकर व्हायचे.

वर्ष भरलं. त्या हाडं तपासायच्या मशीनखाली झोपून आल्या. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीचा आणि आताचा, दोन्ही कागद शेजारी ठेवले. "वाढलं नाही मावशी. पण घसरलंही नाही. आणि वर्षात एकदाही पडला नाहीत, हे सगळ्यात मोठं. असंच चालू ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. तेव्हा घसरलं तर मात्र—"

"सुई. ठाऊक हाय."

बाहेर येऊन त्यांनी विशाखाला फोन लावला. "छान झालं आई! मी संध्याकाळी करते हं, आत्ता कामात आहे." मग द्वारकाबाईंना लावला. त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून वच्छलाबाईंना रस्त्यावर ओरडून सांगावं लागलं.

"घसरलं नाय! हाड! जसंच्या तसं हाय!"

"बरं झालं गं माय," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई बरं झालं."

"तुम्ही कधी येता?"

"आता नाय येत बाई. बद्रीनं खोली सोडली. पहिल्या तारखेला सामान नेतो म्हणतो."

"पोराजवळ हायत, चांगलं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "सांभाळून राहा. मोरीत जपून जात जा."

फोन पर्समध्ये ठेवून त्या दवाखान्याच्या फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. दोन रिक्षावाले थांबून विचारून गेले. तिसरा आला तेव्हा त्यांनी नको म्हणून मान हलवली, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हातून छावणीकडे चालू लागल्या.