पाचवा भाग माझ्याकडे होता

आमच्या दूध संस्थेच्या सचिवांनी आयुष्यात जेवढी पुस्तकं फाडली तेवढी उभ्या मराठवाड्यात वाळवीनेही खाल्ली नसतील, आणि तरीही पुस्तकांवर त्यांच्याएवढा जीव असलेला माणूस मला दुसरा भेटला नाही. 'फाडली' हा शब्द त्यांना चालायचा नाही. ते म्हणायचे, 'वाटली'. त्यांची रीत अशी, की परळीच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड कादंबरी आणायची, सुतळी कापायच्या सुरीने तिचा पुठ्ठा उचकटायचा, शिवण कुठे आहे ते बोटांनी चाचपायचं आणि बरोबर पाच भाग करायचे. प्रत्येक भागाला सरकी पेंडीच्या पोत्याचं कव्हर दाभणाने शिवायचं आणि दुधाच्या कॅनवर घालतात तसा तांबड्या ऑइलपेंटने वर आकडा घालायचा, एक ते पाच. मग दूध मोजायच्या मापात चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जो भाग निघेल तो त्याने महिनाभर घरी न्यायचा. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्यातला मास्तर कळवळला. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी पाया पडणारा मी. म्हटलं, "सचिव, अहो हे पाप आहे." ते दाताने दोरा तोडत म्हणाले, "पाप कावून? सभासद पाच, पुस्तक एक. एकानं दाबून बसायचं आन् चौघांनी त्याच्या तोंडाकडं बघायचं, ही सावकारी झाली मास्तर. आपल्याकडं सहकार हाय."

गाव सिरसाळ्यापासून आत, फुफाट्याच्या वाटेने सात-आठ किलोमीटर. मी तिथल्या शाळेवर बायकापोरं पार कृष्णाकाठी ठेवून एकटाच नोकरीला आलेला. संध्याकाळ झाली की खोलीच्या भिंती अंगावर यायच्या, म्हणून दूध संकलन केंद्राच्या पत्र्याखाली जाऊन बसायचो, आणि सचिवांनी मला तिथूनच उचललं. बाकीचे तीन सभासद म्हणजे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक वाइंडिंगवाला, एक मेंढपाळ आणि दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारा एक गडी. बैठक दर अमावास्येला भरदुपारी, कारण त्या दिवशी तिकडे बैलांना सुट्टी असते आणि बैलांना सुट्टी म्हणजे माणसांनाही. सचिव या बैठकीला 'पार्टी' म्हणत. आता पार्टी म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढे मटण आणि बाटली येते. पहिल्या वर्षी संस्थेचे चेअरमन दोन पाहुणे घेऊन कडक इस्त्रीत हजर झाले. समोर आली परातभर सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा, आणि पाठोपाठ कादंबरीचा दुसरा भाग. चेअरमननी तासभर कळ काढली आणि पुन्हा कधी त्या बाजूला फिरकले नाहीत. उरलेल्या गावाचा संशय वेगळाच होता. अमावास्या, पाच बाप्ये, लिंबं, हिरव्या मिरच्या आणि एक सुरी, एवढ्यावरून माणसाने काय समजायचं? समोरच्या घरातली म्हातारी आम्ही उठेपर्यंत दार लावून बसायची.

सुशीला सचिव स्वतः करायचे, घरात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुरमुरे पाण्यात बुचकळून पिळून काढायचे, फोडणीत शेंगदाणे, कांदा, मिरची टाकायची, वरून डाळ्याचं कूट आणि लिंबू. दहा मिनिटांचं काम, पण ते करताना त्यांचं तोंड अखंड चालू. "पार्टीचं खानं असं पायजे मास्तर, का करनाऱ्याला गप्पा सोडून उठावं लागू न्हाई, आन् खानाऱ्याचा एक हात पुस्तकाला मोकळा ऱ्हायला पायजे." पुरणपोळीवर त्यांचा याच मुद्द्यावर राग होता, तिला दोन हात लागतात आणि नंतर झोप येते. मिरच्या मात्र ते वैऱ्याला घालाव्यात तशा घालायचे. एका पार्टीत वाइंडिंगवाला रडत रडत तिसरा भाग सांगत होता. आम्हाला वाटलं नायिका मेली, तर ती फक्त बाजाराला गेली होती.

सांगायचा नियम एकच. 'छान आहे', 'भाषा सुंदर आहे' असलं काही बोलायचं नाही, काय झालं ते सांगायचं. एकापासून पाचापर्यंत क्रमाने. पण सांगणारा आपापल्या वळणाने सांगणार. मेंढपाळ गोष्टीतल्या गाई, बैल, कुत्री मोजून ठेवायचा आणि एखादं जनावर पुढच्या भागात दिसलं नाही की अस्वस्थ व्हायचा. ऊसतोडवाल्याला माणसं जेवली कधी आणि स्वयंपाक कुणी केला हे कळल्याशिवाय पुढे सरकवत नसे. एकदा तर सचिवांनी शिवताना घोटाळा केला आणि एका घरगुती कादंबरीत कुठल्याशा खुनाच्या कादंबरीचा चौथा भाग घुसला. त्यातही एक मावशी होती, त्यामुळे आमच्या मायाळू मावशीने अचानक दोन खून केले आणि भिंतीवरून उडी मारून पसार झाली. आम्ही पाचही शहाणे तासभर तिच्या स्वभावाची चर्चा करत होतो. परिस्थितीने माणूस कसा बदलतो यावर मी तर छोटं भाषणच केलं. शेवटी आतल्या दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या वहिनी, म्हणजे सचिवांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, "ती मावशी पयल्या भागात लंगडत व्हती. उडी कशी मारंल? हे दुसरं पुस्तक हाय."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. वहिनींना अक्षरओळख नव्हती. पण आम्हा पाच जणांना प्रत्येक पुस्तकाचा आपापला एकच हिस्सा नीट ठाऊक असायचा, आणि उंबऱ्यावर बसून सगळे भाग ओळीने, सारखंच मन लावून ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. अख्खं पुस्तक असं त्या घरात फक्त त्यांच्याकडे होतं. त्या दिवसापासून सचिवांनी त्यांना सहावं सभासद करून टाकलं. "हिच्यासाठीच तर चाललंय समदं," ते एकदा मला म्हणाले, आणि मग आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो असं वाटून कॅन पुसायला लागले.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. दुधाचे कॅन कमी कमी होत गेले. जनावरं चाऱ्याच्या छावणीला गेली, त्यातली बरीच तिथूनच विकली गेली. टेम्पो एक दिवसाआड यायला लागला आणि नंतर यायचाच बंद झाला. सचिव तरीही सकाळ-संध्याकाळ केंद्र उघडून बसायचे. पार्टीही चालू होती. मुरमुरे भिजवायला पाणी नको म्हणून आता ते कोरडेच, तेल-तिखट लावून. एका अमावास्येला आम्हाला निरोप आला, की येताना प्यायला पाणी आपलं आपलं आणा. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आधी तांब्या देणारा तो माणूस. आम्ही बाटल्या घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही, तोंड फिरवून पुस्तक शिवत बसले. मला फार वाईट वाटलं.

मेंढपाळ सगळ्यांत आधी निघाला, मेंढरं घेऊन गोदाकाठाला. विहिरीत पाणी नाही तर मोटारी कशाला जळतील, म्हणून वाइंडिंगवाला पुण्याकडे एका कारखान्यात लागला. ऊसतोडवाला दसऱ्यालाच गेला. आणि मला माझ्या जिल्ह्यात बदली मिळाली. त्या वेळी वाटणीत होती एका मुलीची गोष्ट. तिच्या लहानपणीच घर सोडून गेलेल्या बापाला शोधायला ती एकटी बाहेर पडते. पहिले तीन भाग मंडळी पांगण्याआधीच सांगून झाले होते. चौथा भाग ऊसतोडवाल्याने उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत बसून वाचला आणि एसटीडी बूथवरून फोन करून सचिवांना सांगितला. ती गावाच्या वेशीत येऊन उभी आहे, एवढ्यावर तो संपत होता. पाचवा भाग, म्हणजे शेवट, माझ्याकडे होता. निघताना मी एसटीच्या खिडकीतून म्हणालो, "पोचलो की वाचतो आणि सविस्तर पत्र टाकतो." सचिव म्हणाले, "टाका. ही रोज इचारती."

मी पत्र टाकलं नाही. याला काहीही सबब नाही. ऊस तोडून हाताला घट्टे पडलेल्या माणसाने आपला भाग वाचला, आणि पंख्याखाली बसणाऱ्या, पोरांना गृहपाठ केला नाही म्हणून ओरडणाऱ्या मी तो वाचला नाही. नळाला पाणी होतं, मुलं जवळ होती, रोज वाटायचं, रविवारी वाचू. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, अगदी संस्थेच्या पत्रासारखं. 'आपल्याकडील भाग पाचबाबत. गडबड नाही. सवड झाल्यावर ती मुलगी पोचली का, एवढेच कळवावे. घरी विचारणा होते.' पुढे दिवाळीनंतर दुसरं आलं. त्यात मजकूर तोच आणि खाली एक ओळ जास्त होती. 'मध्यंतरी माझी प्रकृती बरी नव्हती.' पहिल्याला उत्तर दिलं नाही म्हणून दुसऱ्याला द्यायची लाज वाटली. तिसरं आलंच नाही, याचं मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात वाइंडिंगवाल्याचा फोन आला. "मास्तर, सचिव गेले हो. दोन महिने झाले." मी माळ्यावरची पेटी खाली काढली. पाचवा भाग नव्हता. बायको म्हणाली, "ते पोत्यात शिवलेलं? पुढचं-मागचं काही नव्हतं त्याला. रद्दीत दिलं." तिची काय चूक. मी रिकाम्या हाताने एसटीत बसलो. जाऊन वहिनींपुढे सरळ कबूल करायचं, एवढं ठरवलं होतं. तीनशे-चारशे किलोमीटर मी तेच एक वाक्य मनात जुळवत होतो.

पाऊस झाला होता. शिवारात बाजरी उभी होती. केंद्राचा पत्रा तसाच, पण आता तिथे दुसरा माणूस दूध घेत होता. वहिनी घरात एकट्याच होत्या, फार वाळल्या होत्या. पाणी दिलं, पोरांची चौकशी केली. मी घसा साफ केला, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं पत्र येळेवर आलं बगा."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"परळीच्या डाक्टरनं घरी न्या म्हनून सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. चार पानी. दोन दिस वाचून दाखवित व्हते मला. दम लागायचा, मधीच थांबायचे, आन् पुन्हा धरायचे. म्हनले, उशीर केला पन मास्तर शब्दाला पक्का निघाला. लई बरं वाटलं त्यांना."

सचिवांच्या हातात तेव्हा कसले कागद होते कोण जाणे. संस्थेचे कोरे फॉर्म असतील. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काय लिहिलं होतं मी? मला आता नीट आठवत नाही."

"असं कसं," त्या म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. "पोरगी पोचली. बापानं वळखलं न्हाई, तिनं बी सांगितलं न्हाई. त्याच्या शेजारलाच राहिली आन् रोज त्याला भाकर द्यायची. एक दिस त्यानं तिला लहानपनीच्या नावानं हाक मारली. मंग दोघांनी मिळून म्हैस घेतली. सातचं फॅट लागायचं दुधाला. असंच व्हतं न्हवं?"

कुठल्याशा शहरात बसून ती कादंबरी लिहिणाऱ्याला म्हशीचं फॅट माहीत असायचं काही कारण नव्हतं. सचिवांचं अक्षर मला कागद न बघताच ओळखू आलं. मरायला टेकलेल्या माणसाने दोन दिवस खपून माझा भाग पुरा केला होता आणि खाली माझी सही केली होती. जुळवून आणलेलं वाक्य मी गिळलं. ते आता बोललो असतो तर खोटा मी ठरलो नसतो, सचिव ठरले असते.

"हो वहिनी," मी म्हणालो. "असंच होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "पन एक राहिलं. तिची धाकली बहीन. दुसऱ्या भागात मामाकडं ठिवून आलती ती तिला. तिचं पुढं काय झालं, ते तुमच्या पत्रात न्हवतं. मी त्यांना इचारलं, तर म्हनले, ते मास्तरला म्हाईत हाय. त्यो येईल तवा त्यालाच इचार."

मी येईन, असं सचिवांनी गृहीत धरलं होतं. दोन पोस्टकार्डांना उत्तर न देणाऱ्या माणसाबद्दल. मला रडू आवरेना. वहिनींना वाटलं मी सचिवांसाठी रडतोय. मग मी डोळे पुसले आणि म्हणालो, "तीही निघाली वहिनी. मामाने नको म्हटलं तरी निघाली."

"एकलीच?"

"एकटीच."

"बरोबर काय खायला व्हतं का तिच्या?"

"भाकरी होत्या. दोन दिवस पुरतील एवढ्या."

त्यांनी पदर सावरला आणि भिंतीला टेकून बसल्या. मी एकेक गाव, एकेक मुक्काम जपून सांगत गेलो, आणि दिवस मावळायच्या आत त्या पोरीला तिच्या बापाच्या दारात नेऊन सोडलं.